ओव्हाळ सरांची घोरपड

एसटीत ओव्हाळ सर नेहमी शेवटच्या बाकावर बसायचे. पुढं जागा रिकामी असली तरी. शेवटच्या बाकावर सगळ्यात जास्त हादरे बसतात हे आमच्या आयटीआयमधला पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल, आणि सर तर मोटार मेकॅनिक विभागाचे सगळ्यात जुने निदेशक. मी तिथं शिकवायला रुजू झाले त्याच आठवड्यात आम्हा दोघांना कामासाठी बीडला जायचं होतं. तेलगावच्या थांब्यावर गाडी आली, सर चढले आणि सरळ मागं गेले. नव्या माणसानं ज्येष्ठांच्या मागं जावं, म्हणून मीही गेले.

गाडी सुरू झाली. वळण आलं की सर बाकावरून अर्धे उठायचे, साऱ्या गाडीवर नजर फिरवायचे आणि पुन्हा बसायचे. तिसऱ्या वळणाला मला राहवलं नाही.

"काय बघताय, सर?"

"माना."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्याच. रस्ता खाली बघायचा नसतो मॅडम. बसणाऱ्याच्या मानंत बघायचा. ते पटकेवाले बाबा बघा. गाडी डावीकडं वळली, मान उजवीकडं गेली. कबूल. गाडी सरळ झाली, मान जागेवर आली अन् थांबली. बरी हाय गाडी. थांबली नसती, पुन्हा डावीकडं गेली असती, तर समजायचं शॉकअपमधी काय तरी हाय."

कंडक्टर तिकिटं देत मागं आला. सर तेव्हा उभेच होते.

"काय सर, कुनी हरवलंय का?"

"न्हाई, मोजतोय."

"मानसं मोजायचं काम माझं हाय, सर. तुमी बसा."

सर बसले, पण पुढच्या वळणाला पुन्हा उठले.

त्यांची दुसरी सवय कळायला एसटीची गरज नव्हती. सर जे करायचे ते बोलून करायचे. "आता मी सतरा नंबरचा पाना घेतोय. आता बोल्ट सैल करतोय. आता तो सैल झालाय." तीस वर्षं मुलांना प्रात्यक्षिक दाखवून दाखवून ही सवय हाडात गेली होती. चहाच्या टपरीवरही सुटायची नाही. "आता साखर ढवळतोय," असं सर स्वतःच्या कपाला सांगायचे. विभागातली मुलं म्हणायची, इंजीन बंद केलं की गाडी थांबते, सर थांबत नाहीत. सरांना हे माहीत होतं. त्यांना वाटायचं की ही तारीफ आहे.

माझे आईवडील चकलांब्याचे. दर साल दिवाळीच्या सुमाराला ते कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याकडं जायचे आणि मी वसतिगृहात राहायचे. पदवीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिलीच. पदवी यंत्र अभियांत्रिकीची होती, गुण चांगले होते, पण गाडीखाली मी कधी आडवी झाले नव्हते. मुलांनी हे पहिल्या तासातच ओळखलं. सरांनी ते मुलांच्याही आधी ओळखलं असणार, कारण त्यांनी सगळ्यांसमोर मला एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, स्प्रिंग काय करती?"

"धक्का शोषून घेते, सर."

"पुस्तकात तसंच हाय. पर स्प्रिंग धक्का शोषत न्हाई. स्प्रिंग धक्का गिळती आन् पुन्हा वकती. पचवतो तो शॉकअप. म्हणून नुसती भारी स्प्रिंग टाकून गाडी सुधरत न्हाई. समजलं का रे?" हे शेवटचं मुलांना होतं. मग त्यांना म्हणाले, "आता हेच मॅडम फळ्यावर गणितानं दाखवतील. मला गणित येत न्हाई."

गणित त्यांना येत होतं. मला फळ्यापाशी उभं राहायला कारण हवं होतं, ते त्यांनी दिलं. त्या दिवसापासून मुलं मला प्रश्न विचारायला लागली.

तिसऱ्या दिवशी सरांनी घरून एक खाकी डगला आणला. त्यांचाच जुना, पण माझ्या मापानं आवळलेला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पंचवीस वर्षं शिलाई मशीन चालवत होत्या. त्यांनी मला बाजारात एकदाच लांबून पाहिलं होतं. डगला मला बरोबर बसला, खांद्यातसुद्धा. मापाची हत्यारं त्या घरात सरांकडं होती, अंदाज काकूंकडं होता. पुढं जे झालं ते या एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. पण सरांबद्दल एका वाक्यात काही सांगणं त्यांनाच आवडलं नसतं.

पंचवीस वर्षं मशीनवर वाकून काकूंची मान गेली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता आणि हादरे टाळा म्हणून सांगितलं होतं. आता तेलगावात राहून हादरे टाळायचे म्हणजे घरात बसायचं. काकू बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची आई आष्टीच्या पुढं एका वस्तीवर राहायची. तिला आता नीट दिसत नव्हतं, माणूस आवाजावरून ओळखायची. काकू महिन्यातून एकदा तिच्याकडं जायच्या म्हणजे जायच्याच. सकाळची एसटी धरायची, तिकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. आल्या की तीन दिवस मानेला पट्टा. पुढं पुढं तिनाचे पाच झाले. एकदा आठवडाभर त्या मशीनवर बसू शकल्या नाहीत. तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा प्रवास आता बंद करा. काकू त्यांना म्हणाल्या, "आई बंद करता येती का?"

सर एसटीत माना का मोजतात, हे मला तेव्हा कळलं.

यानंतर महिन्याभरात सर पुण्याला गेले आणि गाडी घेऊन आले. ती गाडी पाहायला अर्धं तेलगाव जमलं होतं. वीस वर्षांची जुनी, परदेशी बनावटीची, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. लांब नाक, मागं उतरतं छप्पर, उंचीला इतकी कमी की शेजारी शेळी उभी राहिली तर गाडीतल्या माणसाला शेळीचं पोट दिसावं. रंग पिवळसर मातकट. टपरीवाला म्हणाला, "सर, ही तर घोरपड हाय." त्या दिवसापासून तिचं नाव घोरपडच पडलं.

अठ्ठावन्नाला टेकलेल्या माणसानं अशी गाडी का घ्यावी, याचं उत्तर सर माणूस बघून द्यायचे. प्राचार्यांना म्हणाले, मुलांना स्वतंत्र सस्पेन्शन शिकवायला प्रत्यक्ष नमुना हवा होता. मेव्हण्याला म्हणाले, फार स्वस्तात मिळाली. मला म्हणाले, "दोन दारांची हाय मॅडम. चार दारांची घेतली असती तर लग्नसराईत ती मला कधी दिसलीच नसती. सगळी भावकी बसून गेली असती." काकूंना म्हणाले, तुझ्या मानेसाठी. ही चारही कारणं खरी होती. पाचवं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण गाडी पुसताना त्यांचा चेहरा पाहिला की कळायचं. गाडी त्यांना आवडली होती.

पहिल्याच महिन्यात ते काकूंना घेऊन आष्टीकडं निघाले. वाटेत एक घाट लागतो. फार मोठा नाही, सात वळणांचा. गाडीचे शॉकअप तिच्याइतकेच जुने होते. वळणाला गाडी एका अंगावर कलायची आणि वळण संपल्यावरही डुलत राहायची. सातही वळणं झाल्यावर काकूंनी एका हातानं मान धरली आणि म्हणाल्या, "हिच्यापरीस म्हशीच्या पाठीवर बरं. फुडच्या महिन्यात मी यष्टीनंच जाते. तुमी या हिला घेऊन मागनं."

सरांच्या हे जिव्हारी लागलं. सोमवारी ते विभागात आले ते वही घेऊनच.

"मॅडम, गाडी लई कलती. कलायची बंद करायची."

पुढचे तीन आठवडे ते मोबाइलवर परदेशातल्या एका माणसाचे व्हिडिओ बघत होते. तो माणूस अशाच गाडीला बुटक्या, कडक स्प्रिंगा बसवायचा आणि मग वळणावरून सुसाट जायचा. गाडी तसूभर कलायची नाही. सर मला दाखवून म्हणायचे, "मान बघा त्याची. हालती का?" हालत नव्हती. पण त्या माणसाचा रस्ता तव्यासारखा सपाट होता. ते मलाही दिसलं नाही, कबूल करते. मी फळ्यावर गणित मांडलं, गणित बरोबर आलं. रस्ता गणितात धरला नव्हता.

पुण्याहून स्प्रिंगा आल्या. मुलांच्या देखत सरांनी त्या बसवल्या, अर्थात धावत्या वर्णनासह. घोरपड चार बोटं आणखी खाली बसली. संस्थेच्या फाटकापाशी गतिरोधक आहे. त्यावर तिचं पोट टेकलं. दोन मुलांनी फळ्या आणून चाकांखाली सरकवल्या तेव्हा ती पलीकडं गेली. पुढं हा रोजचाच कार्यक्रम झाला. फाटकावरच्या शिपायानं फळ्या कायमच्या आपल्या खुर्चीमागं ठेवल्या आणि सर दिसले की तो न सांगता उठायचा.

पण वळणाला घोरपड आता खरंच कलत नव्हती. सर एकटे घाटात जाऊन आले आणि पोर झाल्यासारखे आनंदानं पेढे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी काकूंना शेजारी बसवून निघाले. मग सोमवार आला. सर विभागात आले, टेबलाशी बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मुलं घाबरली.

"काय झालं, सर?"

"ती बीडात उतरली."

"म्हणजे?"

"बीडला पोचलो तर म्हनली, गाडी थांबवा. थांबवली. स्टँडात गेली अन् आष्टीच्या यष्टीत जाऊन बसली. मला म्हनली, तुमची गाडी खड्डा मोजती. प्रत्येक खड्डा मला सांगती."

"मग तुम्ही?"

"मी काय करनार. गेलतो मागनं."

बीड ते आष्टी सर एसटीच्या मागं घोरपड चालवत गेले होते. काकू शेवटच्या बाकावर होत्या, पुढं जागा मिळाली नव्हती. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. सगळा रस्ता सरांनी ते डोकं बघितलं. सर खोटं बोलणारे नव्हते, स्वतःच्या विरुद्धही नाही. त्यांनी वही उघडली आणि मला म्हणाले, "लिहून घ्या. घोरपडीपरीस यष्टीत मान कमी हालली."

त्या वेळेपासून सर खऱ्या अर्थानं कामाला लागले असं मला वाटतं. व्हिडिओ बंद झाले. त्यांनी स्वतःचंच वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं: गिळते ती स्प्रिंग, पचवतो तो शॉकअप. कडक स्प्रिंगा काढल्या, मध्यम घातल्या. शॉकअप असे मागवले की ज्यांचा कडकपणा आणि उंची दोन्ही आटे फिरवून कमीजास्त करता येते. सगळे जुने रबरी बुश बदलले. आणि गाडी कलू नये म्हणून स्प्रिंगवर जोर न देता दोन चाकांना जोडणारी जी आडवी दांडी असते, ती जाड टाकली. ही दांडी सरळ रस्त्यावर गप्प असते. गाडी एका अंगाला झुकायला लागली की तेवढ्यापुरती ताठ होते. "बघा मॅडम," सर म्हणाले, "गरज लागली तेवढंच बोलती." हे वाक्य मला पुढं फार आठवलं. त्यातलं काही स्वतःला लागू आहे असं सरांना तेव्हा वाटलं नाही.

राहिलं चार चाकांवरचं वजन. बाजेचा एक पाय लांडा असला की बाज दोन कोपऱ्यांवर डुगडुगते, तसंच गाडीचं. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज ही दुसऱ्या दोन कोपऱ्यांच्या बेरजेइतकी यायला हवी, म्हणजे डावं वळण आणि उजवं वळण गाडीला सारखंच. पण चार चाकं एकाच वेळी मोजायची तर चार काटे हवेत. असलं यंत्र मोठ्या शहरात असतं, हे मी वाचलं होतं. सर म्हणाले, "आपल्याकडं पन हाय की."

ते मला मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात घेऊन गेले. कापसाचा हंगाम संपला होता. शेडमध्ये कापूस मोजायचे चार काटे रिकामे पडले होते. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणून आम्ही फरशी सम आहे का ते पाहिलं, एका काट्याखाली पत्र्याचे तुकडे घातले. मग हमालांनी फळ्या लावल्या आणि घोरपड चार काट्यांवर चढली. मोंढ्यात तेव्हा दुसरं काम नव्हतं, त्यामुळे बघायला सगळे होते.

"सर, भाव काय लावायचा हिला?" एक हमाल म्हणाला.

"वल्ली हाय बे, कट्टी धर," दुसरा म्हणाला. ओल्या कापसाच्या वजनातून व्यापारी कापतात ती कट्टी.

सर चालकाच्या जागी बसले. आता शेजारी काकूंचं वजन हवं होतं. काकूंना सरांनी घरी विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, "माझं वजन आता मोंढ्यात सांगनार व्हय?" म्हणून सरांनी अंदाजानं एका पोत्यात ज्वारी भरली, पोतं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. मी काट्यांचे आकडे टिपत होते, गणित करत होते आणि सांगत होते, मागच्या उजव्याचा आटा अर्धा फेर वर. सर उतरून आटा फिरवायचे आणि पुन्हा बसायचे. कुणी काही विचारलं की सांगायचे, "मला इचारू नका. गणित आमच्या मॅडमचं हाय." माझ्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर हे कुणी म्हटलं नव्हतं. पुढचा आकडा मी दोनदा तपासून लिहिला.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी काटे पाहिले, गाडी पाहिली आणि सीटवर पट्टा लावून बसलेलं पोतं पाहिलं. क्षणभर उभ्या राहिल्या. मग जवळच्या हमालाला हळूच म्हणाल्या, "त्यात आनखी एक पायली टाक."

हमालानं टाकली. सरांनी पाहिलं नाही असं दाखवलं. आमचे आकडे मात्र सगळे बदलले आणि मला पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. संध्याकाळपर्यंत दोन्ही बेरजा दोन किलोच्या फरकानं जुळल्या. सरांनी पोत्याला हात जोडले.

आता कुणीही म्हणेल की गाडी झाली. झालीच होती. सर मला आणि दोन मुलांना आळीपाळीनं बसवून घेऊन गेले. खड्ड्यात ती गिळायची आणि पचवायची, वळणाला जमिनीला चिकटून जायची. घोरपड हे नाव आता शोभत होतं. मग काकू बसल्या. घाटातून जाऊन आल्या आणि घरी आल्याबरोबर त्यांनी मानेला पट्टा लावला.

सर दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गाडीत दोष न्हाई, मॅडम. मी बघितलं. ती दाराची कडी धरून बसती. मान आधीच ताठ करती. वळण यायच्या आधी. ज्वारीचं पोतं भेत न्हाई. तिथं आपलं चुकलं."

"मग आता?"

"आता ती म्हनती, आईला भाचा बघंल. आपन दिवाळीला एकदा जाऊ." मग म्हणाले, "तिची आई मानसाला आवाजावरनं वळखती. दिवाळीपतूर आवाज इसरली तर?"

मी आकड्यांची वही मिटली. सरांनी मान वर केली. "मी गाडी चालवत असतो, तवा तिची मान मला नीट दिसत न्हाई. मागं बसून बघितलं पायजे. तुमी चालवा."

मला गाडी चालवता येत नव्हती. मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या पदवीधर बाईला लायसन नव्हतं, हे इतके दिवस मी शिताफीनं लपवलं होतं. सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "कावून लपवलं? मला पोहता येत न्हाई, अन् मी विहिरीचे पंप दुरुस्त करतो." दीड महिना त्यांनी मला संस्थेच्या मैदानावर शिकवलं. त्या दीड महिन्यात सरांच्या शेजारी बसून गाडी चालवणं काय असतं हे मला कळलं. "आता गिअर टाकायचाय. टाकला. आता वळण येतंय. येतंय. आलं." वळण येण्याआधीच माझे हात घट्ट व्हायचे. मला वाटायचं की दोष माझ्या हातांचा आहे.

लायसन मिळालं आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो. मी चालवत होते, शेजारी काकू, आणि मागं सर. घोरपडीच्या मागच्या सीटवर मांजर बसलं तर त्यालाही पाय दुमडावे लागतील. सर गुडघे हनुवटीला लावून आडवे बसले होते. "तुमी गप बसा अन् मान बघा," काकूंनी त्यांना बजावलं. सर गप्प बसले, कारण खरंच त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष दोन विती अंतरावरच्या त्या एका मानेकडं होतं.

काकू माझ्याशी बोलत होत्या. माझी आई यंदा कुठल्या कारखान्याला गेली, तिला ब्लाऊजचं माप काय लागतं, मला कुठलं स्थळ आलंय. मी उत्तरं देत होते. घाट लागला कधी आणि संपला कधी ते आम्हा दोघींना कळलं नाही. वर चहाच्या टपरीपाशी मी गाडी थांबवली. सरांना बाहेर काढायला दोघींना हात धरून ओढावं लागलं. ते उभे राहिले, गुडघे चोळले आणि काकूंकडं बघत राहिले.

"एकदा पन न्हाई हालली," ते म्हणाले.

"हालंल कशी. आज कुनी भिववलं न्हाई मला."

"कोन भिववतं?"

"आता वळण येतंय, आता वजन डाव्या चाकावर जाईल, आता टायर कड धरंल, हे कोन म्हनतं? तुमी वळण म्हनलं की मी मान आवळून धरते. यष्टीवाला कुठं काय सांगतो. तो आपला वळवतो. गाडी चांगली हाय तुमची. लई चांगली हाय. गाडीवाला बडबड्या हाय."

सरांनी चहाचा कप हातात घेतला. साखर ढवळली, पण कपाला सांगितलं नाही.

"आदी कावून न्हाई सांगितलं?"

"सांगायला मधी जागा कुठं ठिवता."

टपरीवाला हसला. मीही हसले असते, पण मला एकदम माझे हात आठवले. मैदानावर घट्ट होणारे.

पुढच्या महिन्यापासून सर गाडीत बसताना गालात एक लवंग धरायचे. लवंग गालात असेतो बोलायचं नाही, असा त्यांनी स्वतःसाठी नियम केला होता. पहिल्या खेपेला आष्टीपर्यंत अकरा लवंगा लागल्या, असं त्यांनीच मला सांगितलं, कारण ते चावून टाकायचे. दुसऱ्या खेपेला सहा. घोरपडीचं शेवटचं उरलेलं काम हेच होतं आणि ते कुठल्याही पान्यानं होणारं नव्हतं. विभागात मात्र ते पहिल्यासारखेच बोलत राहिले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पाऊण तास भाषण केलं, आणि त्यातली वीस मिनिटं कमी बोलण्याचे फायदे यावर होती.

त्यानंतर मी त्यांना एकदा पाहिलं. परीक्षेच्या कामासाठी मी एसटीनं आष्टीला चालले होते. सरांची सवय लागल्यामुळे शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसले होते. घाट आता रुंद झालाय. चढावर आमची गाडी हळू झाली आणि उजव्या अंगानं, अगदी खिडकीखाली, पिवळसर मातकट छप्पर आलं. पुढं तिसरं वळण होतं. एसटी आणि घोरपड त्या वळणाला शेजारी शेजारीच लागल्या.

वरून गाडीत सगळं दिसत होतं. मानेचा पट्टा मागच्या सीटवर पडला होता. काकू झोपल्या होत्या. कडी धरलेली नव्हती, हात मांडीवर सैल होते. वळण आलं. आमच्या एसटीतल्या सगळ्या माना एकदम एका बाजूला गेल्या, माझीसुद्धा. काकूंची होती तिथंच राहिली.

मी काचेवर टकटक केली. सरांनी क्षणभर वर पाहिलं आणि मला ओळखलं. त्यांचं तोंड उघडलं. कुठला आटा किती फिरवला, टायरमध्ये हवा किती ठेवली, सगळं ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मग त्यांनी तोंड मिटलं. एक बोट स्वतःच्या मानेला लावलं, तेच बोट ओठांवर ठेवलं आणि नजर रस्त्याकडं वळवली.

घोरपड जमिनीला पोट लावून पुढं निघून गेली. तेवढ्यात मी नीट पाहून घेतलं. सरांचा डावा गाल लवंगेनं किंचित वर आला होता.